श्रद्धा शेवटी काय म्हणाली

मुरुड, जि. लातूर
२७ जानेवारी २०२५

कु. धम्मप्रिया हनवते यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. नांदेडला तुमच्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात सतरा नंबरच्या खाटेवर श्रद्धा होती, तिचा मी वडील. नऊ तारखेला, गुरुवारी, दुपारी पावणेपाचला ती गेली. सिझर होऊन नववा दिवस होता. सातव्या दिवशी ताप चढला आणि रक्तात जंतू पसरले, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

त्या वेळी आमच्यापैकी कुणीही तिच्याजवळ नव्हतं. जावई वरदराव रक्तपेढीच्या रांगेत होते. त्यांच्या आई तान्ह्या मुलीला घेऊन घरी. मी आणि श्रद्धाची आई इथून दुपारी निघालो होतो, पण लोह्याच्या स्टँडवर गाडी बिघडून पाऊण तास उभी राहिली. मी खाली उतरून उसाचा रस प्यालो. ती जात होती तेव्हा मी रस पीत होतो. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का लिहिलं, कळत नाही.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीची सासू तेराव्याला वरदरावांच्या घरी येऊन गेली. ती म्हणाली, "एक शिकाऊ पोरगी होती. तुमच्या लेकीनं तिचा हात धरला होता." तुमचं नाव तिनं तुमच्या छातीवरच्या पट्टीवर वाचलं होतं.

फोन करता आला असता. पण हे मला तोंडानं विचारता येणार नाही. शिवाय फोनवरचं बोलणं उरत नाही. कागद पुन्हा वाचता येतो.

एवढंच विचारतो. ती काय म्हणाली? जे असेल ते लिहा. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, ऐकून घेईन.

आपला,
उद्धव रेणापूरकर

नांदेड
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र आमच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर मिळालं. मला आजपर्यंत कुणी पत्र लिहिलेलं नाही, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी किनवट तालुक्यातली. माझे वडील आनंदराज रेल्वेत रुळांच्या कामावर आहेत. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींनी काही करायचं नसतं. सिस्टरांच्या मागं मागं फिरायचं, त्या कसं करतात ते बघायचं, आणि हॉस्टेलवर येऊन वहीत लिहायचं. पेशंटला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मला पंचशीला सिस्टरांच्या मागं लावलं आहे. अठ्ठेचाळीस खाटा आणि दुपारपाळीला दोन सिस्टर. त्या चालतात तेव्हा मला पळावं लागतं.

श्रद्धाताई मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तू सिस्टरांची सावली का गं?" त्यानंतर त्या मला सावलीच म्हणायच्या. मी वॉर्डात आले की म्हणायच्या, "आली बघा सावली, म्हणजे सिस्टर आल्या."

सर, शेवटी मी जवळ होते. त्यांना त्रास झाला नाही. चेहरा शांत होता. माझा हात धरून म्हणाल्या, "बाबांना सांग, मला आता दुखत नाही." मग डोळे मिटले.

आईंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
धम्मप्रिया हनवते

मुरुड
१० फेब्रुवारी २०२५

चि. धम्मप्रिया हिस,
अनेक आशीर्वाद.

आता तुम्ही लिहिणार नाही, तू लिहितो. माझ्या लेकीनं ज्या हाताला धरून प्राण सोडला, त्या मुलीला मी अहो-जाहो कसा करू?

तुझं पत्र स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. श्रद्धाची आई प्रमोदिनी महिनाभर पोटभर जेवली नव्हती, त्या दिवशी भाकरी संपवली. मी मळ्याच्या वाटेनं लांबवर फिरून आलो. "मला आता दुखत नाही." चालताना हेच म्हणत होतो. लोह्याच्या स्टँडवरचा तो पाऊण तास त्या वाक्यानं थोडा सुसह्य केला.

एक विचारू? तिची आई रोज म्हणते, आई असलेली बाई लेकराविषयी काही बोलल्याशिवाय जाणारच नाही. बाळाचं अजून बारसं झालेलं नाही. नांदेडला तिच्या आजीकडे आहे, बाटलीनं दूध नीट घेत नाही. श्रद्धा बाळाविषयी काही म्हणाली का? आणि धाकट्या बहिणीविषयी? इरा लातूरला बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. बहिणीला अग्नी दिल्यापासून ती घरात कुणाशी धड बोलत नाही. तिच्यासाठी एखादा शब्द असेल तर तिला आधार होईल.

आठवून लिही. घाई नाही.

तुझा,
उद्धव रेणापूरकर

नांदेड
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

आई जेवल्या हे वाचून मला रडू आलं. मी पण त्या दिवशी मेसमध्ये जेवले.

हो, बाळाविषयी बोलल्या होत्या. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. म्हणाल्या, "बाळ इराच्या मांडीवर द्या. तीच सांभाळेल." इराताईंचं नाव त्या नेहमी घ्यायच्या. त्यांच्यावर लई जीव होता.

सर, माझ्या परीक्षेचे दिवस जवळ आले आहेत. पत्र लिहायला जमलं नाही तर राग मानू नका.

तुमची,
धम्मप्रिया

मुरुड
१२ मार्च २०२५

चि. धम्मप्रिया,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण घरात मोठी गोष्ट ठरत होती. ती तुला सर्वांत आधी कळवायला हवी, कारण तुझ्यामुळेच मार्ग सापडला.

इराचं लग्न वरदरावांशी ठरलं. रविवार, २० एप्रिल. वर्षाच्या आत करायचं म्हणून साधंच, घरातली दहा-बारा माणसं. बाळाला परकी आई नको, ही प्रमोदिनीची पहिल्यापासूनची भीती होती. जावयांनी उद्या दुसरी केली की नात आपल्याला पाहुण्यासारखी बघायला मिळेल. पण इराला हे बोलून दाखवायचा धीर आम्हा दोघांनाही नव्हता. तुझं पत्र आलं आणि श्रद्धानंच मार्ग दाखवला असं वाटलं.

इरा आधी "नाही" म्हणाली. दोन दिवस खोलीत दार लावून बसली. मग तिच्या आईनं तुझं पत्र दाराच्या फटीतून आत सरकवलं. तिसऱ्या दिवशी बाहेर आली आणि म्हणाली, "ताई म्हणाली असेल तर मी कोण नाही म्हणणार?" वरदरावही म्हणाले, "तिची तशी इच्छा असेल तर मला बोलायला जागा नाही." शिक्षण पुढं नांदेडला करता येईल, बघू.

तू लग्नाला ये. तू नसतीस तर हे घर फुटलं असतं.

तुझा,
उद्धव रेणापूरकर

नांदेड
१८ मार्च २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी घाबरले. सर, वॉर्डात गोंधळ असतो. बायका ओरडतात, लेकरं रडतात, स्ट्रेचरची चाकं वाजतात. मला नीट ऐकू आलं नसेल. "मांडीवर द्या" म्हणजे नुसतं घ्यायला द्या, असंही असेल. मावशी नाही का घेत लेकरू? त्याचा अर्थ लग्न कसा होईल? त्या वेळी त्यांना ताप पण होता.

माझ्या शब्दावरून असं काही ठरवू नका. मी लहान आहे, मला कळत नाही. इराताईंना शिकू द्या. हात जोडून सांगते.

तुमची,
धम्मप्रिया

मुरुड
२५ मार्च २०२५

चि. धम्मप्रिया,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझं मन किती हळवं आहे ते कळलं. इरा तुझ्याच वयाची, त्यामुळे तुला तिच्या जागी स्वतःला ठेवून बघावंसं वाटणं साहजिक आहे. पण तू इतका भार घेऊ नकोस. मरणारा माणूस काय बोलतो ते कानांनी ऐकलं की पुरे, अर्थ आम्ही घरचे लावतो. आणि ताप असला तरी माणूस आपल्या लेकराला विसरत नाही.

प्रमोदिनीनं तुझ्यासाठी साडी घेतली आहे, अबोली रंगाची. नांदेडहून सकाळच्या गाडीनं निघालीस तर दुपारी इथं पोचशील.

तुझा,
उद्धव रेणापूरकर

लातूर
२९ मार्च २०२५

धम्मप्रिया हनवते,

मी इरा. पुस्तकं आणि सामान न्यायला एक दिवस हॉस्टेलवर आले आहे, म्हणून हे लिहिता येतंय. तुमचा पत्ता बाबांच्या पाकिटावरून घेतला.

मला तुमचा राग येतो. हे आधी सांगते.

भाऊजींनाही हे नको आहे. परवा ते बाळाला घेऊन आले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इरा, तुला चालेल ना?" मी पण त्यांच्याकडे न बघता "हो" म्हणाले. मी सातवीत असताना ताईचं लग्न झालं, तेव्हापासून मुरुडला आले की ते मला सायकलवरून शिकवणीला सोडायचे. आम्ही दोघं आता एका खोलीत बसूसुद्धा शकत नाही.

ताईला माहीत होतं की मला तान्ह्या बाळांची भीती वाटते. मी तिच्या डोहाळजेवणातसुद्धा तिला म्हणाले होते, मी लांबूनच मावशी होईन. ती पोट धरून हसली होती. ती ताई असं म्हणाली?

मला एकच उत्तर द्या. ती खरंच असं बोलली का? हो की नाही. फोन करू नका, घरात फोन वाजला की सगळे ऐकतात. कागदावर लिहा आणि खाली सही करा. माझ्या मैत्रिणीच्या, पुनमच्या नावानं याच हॉस्टेलवर पाठवा, ती मला आणून देईल.

हो असेल तर मी पुन्हा विचारणार नाही.

इरा

नांदेड
२ एप्रिल २०२५

इरा यांस,
जयभीम.

नाही.

त्या असं बोलल्या नाहीत. "मला आता दुखत नाही" असंही बोलल्या नाहीत. दोन्ही मी लिहिलं. आता जे लिहिते ते खरं आहे. हे पत्र तुम्ही सरांना दाखवा, आईंना दाखवा, पोलिसांना दाखवलंत तरी चालेल.

नऊ जानेवारीला मी दोन वाजता वॉर्डात आले. श्रद्धाताई बदलल्या होत्या. ओठ कोरडे, श्वास जोरजोरात चालला होता. पंचशीला सिस्टर बाविसाव्या खाटेवर होत्या, तिथल्या बाईचं रक्त थांबत नव्हतं. मी आपली सतराव्या खाटेजवळून चालले होते, तर ताईंनी माझं मनगट धरलं. लई घट्ट धरलं. बोटं थंडगार होती आणि नखं निळी पडली होती. त्यांनी मला सावली म्हटलं नाही. मला ओळखलं की नाही तेही माहीत नाही. म्हणाल्या, "सोडू नको." दोनदा म्हणाल्या. मग पाणी मागितलं.

मला हात लावायची परवानगी नव्हती, पाणी द्यायची पण नव्हती. पण ते कारण नाही. मी घाबरले होते. मी त्यांचं एक एक बोट सोडवलं आणि माझा हात काढून घेतला. "सिस्टरांना बोलावते" म्हणाले आणि पळाले. सिस्टरांना सांगितलं. त्या लगेच आल्या, डॉक्टर आले, पडदा ओढला. सिस्टर मला ओरडून म्हणाल्या, "इथं थांब, हिचा हात धर." मी थांबले नाही. वॉर्डाच्या टोकाला धुतलेल्या चादरींची खोली आहे, तिथं गेले आणि चादरींच्या ढिगामागं कान झाकून बसले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड झाकलेलं होतं.

म्हणजे मी नव्हतेच. वीस पावलांवर होते आणि नव्हते.

सरांचं पत्र आलं तेव्हा मी आधी हेच सगळं लिहिलं होतं. वाचून बघितलं, तर त्यात मी दिसत होते, चादरींमागं बसलेली. आणि सर रस पीत होते असं त्यांनी लिहिलं होतं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसानं मला हे सांगितलं, त्यांना मी असं कसं पाठवू? तो कागद फाडला. दुसरा लिहिला. सोपं गेलं. पुढच्या वेळी तर विचारही करावा लागला नाही. त्यांना जे हवं होतं ते त्यांनीच पत्रात लिहिलं होतं, मी फक्त ताईंचं नाव लावलं.

तुमचं नाव ताई घ्यायच्या हे खरं आहे. ताप येण्याआधी, पाचव्या दिवशी म्हणाल्या होत्या, "माझी बहीण बाळाला अशी धरेल जशी काचेची बरणी धरतात, आणि मग मलाच देऊन टाकेल." हसत होत्या. एवढंच. त्यात मांडी नव्हती आणि सांभाळायचं पण नव्हतं.

अठरा मार्चच्या पत्रात मला हेच लिहायचं होतं. लिहिता आलं नाही. वीस तारीख जवळ येऊन राहिली आणि मी रोज वॉर्डात सिस्टरांच्या मागं फिरते, बायकांची बाळं बघते, आणि मला दुसरं काही दिसत नाही. तुमचं पत्र आलं नसतं तर मी लिहिलं असतं का, ते मला माहीत नाही. लिहिलं असतं असं म्हणणार नाही.

लग्न करू नका.

सही करते.
धम्मप्रिया आनंदराज हनवते

मुरुड
९ एप्रिल २०२५

धम्मप्रिया हनवते यांस,

इरानं काल तुमचं पत्र जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. मी दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. उरलेलं तिनंच वाचून दाखवलं, न थांबता, वर्गात धडा वाचतात तसं.

प्रमोदिनी मानायला तयार नाही. ती म्हणते, "आधीचंच खरं आहे. आता इरानं तिला पत्र लिहून रडून दाखवलं, म्हणून पोरगी फिरली. पोरी पोरींना मिळाल्या." मी काय उत्तर देऊ? पहिली दोन पत्रंही तुमचीच, हेही तुमचंच, अक्षरही तेच. तेव्हा सुंदर लिहिलं होतं, आताही खरं वाटावं असंच लिहिलं आहे. कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा?

मी तुम्हाला लिहिलं होतं, जे असेल ते लिहा. मी ऐकून घेईन म्हणालो होतो. तुम्ही मला तेवढंही समजला नाहीत. तुम्ही माझी मुलगी माझ्याकडून दुसऱ्यांदा नेली. पहिल्यांदा तापानं नेली, त्याला मी काही बोलू शकत नाही.

पाहुण्यांना निरोप गेलेत. भटजी ठरलेत. आता एकच मार्ग आहे. ज्या सिस्टर पडद्याच्या आत होत्या, त्यांच्या हातचं लिहून पाठवा. श्रद्धा काय बोलली, किंवा नाही बोलली. त्यांचं आलं तर प्रमोदिनी ऐकेल. १८ तारखेपर्यंत आलं नाही तर मी लग्न थांबवू शकणार नाही, थांबवायचं धैर्य माझ्यात नाही. हे मी लपवत नाही.

उद्धव रेणापूरकर

नांदेड
१४ एप्रिल २०२५

आदरणीय सर,
जयभीम.

आज जयंती आहे, पोस्ट बंद आहे. हॉस्टेलच्या मुली मिरवणुकीला गेल्या आहेत, खाली रस्त्यावर ढोल वाजून राहिले आहेत. हे पत्र उद्या सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या स्पीड पोस्टानं टाकते. सतराला मिळेल.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी, अकराला दुपारी, पंचशीला सिस्टरांकडे गेले. त्या औषधांच्या ट्रॉलीवर इंजेक्शनं लावत होत्या. म्हणाल्या, "काय करून राहिली गं तू इथं? तुझी ड्युटी संपली न्हाई का?"

मी तुमची सगळी पत्रं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी उभ्यानंच वाचली. वाचताना दोनदा कुणी तरी हाक मारली, तर तिकडं जाऊन आल्या आणि पुन्हा जिथं थांबल्या होत्या तिथून वाचलं. शेवटी म्हणाल्या, "तुला हे लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई."

"मग मला का न्हाई विचारलं? मी हाय ना इथं. त्या माणसाला मी सांगितलं असतं."

मी म्हणाले, "तुम्ही रागावल्या असत्या. मी हात सोडून पळाले होते."

"हाव, रागावले असते," त्या म्हणाल्या. "मग काय झालं असतं? मी रोजच रागावते."

सर, त्या खुर्चीवर बसल्या. चार महिन्यांत मी त्यांना वॉर्डात बसलेलं पहिल्यांदा बघितलं. म्हणाल्या, त्यांच्या पहिल्या वर्षी त्या पण पळाल्या होत्या, बाथरूममध्ये उलटी करायला. पण घरच्यांना त्यांनी काही लिहिलं नव्हतं. मग वॉर्डाची वही काढून नऊ जानेवारीचं पान बघितलं आणि तुमच्यासाठी लिहून दिलं. तो कागद सोबत जोडला आहे. त्यात जे आहे तेच इथं उतरवते, म्हणजे हरवलं तरी राहील:

"मी त्या दिवशी दुपारपाळीला होते. सव्वाचारला पेशंटला ऑक्सिजनचा मास्क लावला. त्याआधीच शुद्ध हरपली होती. त्यानंतर पेशंट बोलल्या नाहीत, बोलणं शक्य नव्हतं. साडेचारला मला बाविसाव्या खाटेवर जावं लागलं. डॉक्टर शेवटपर्यंत पेशंटजवळ होते. कुणासाठी कोणताही निरोप नव्हता."

खाली सही आहे आणि त्यांचा नंबर आहे. आईंना विचारायचं असेल तर त्या बोलतील.

मी सिस्टरांना विचारलं, ताईंना वेदना झाल्या का? त्या म्हणाल्या, आधी झाल्या असतील, शुद्ध गेल्यावर नाही. पक्कं सांगता येत नाही म्हणाल्या. मी पण पक्कं लिहीत नाही.

नंतर सिस्टर मला स्वतः प्राचार्यबाईंकडे घेऊन गेल्या. माझे बाबा किनवटहून आले होते. बाईंनी त्यांच्यासमोर तुमची पत्रं वाचली. बाबा उभेच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मला दोन महिने वॉर्डात जायचं नाही. वर्ष राहील की जाईल, ते जूनमध्ये ठरेल.  बाबा स्टेशनावर गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "त्या लेकीचं लग्न थांबलं का, तेवढं कळव."

मी तुमच्या दारात यायला तयार आहे. आईंच्या समोर उभी राहून सांगते. तुम्ही बोलवाल तर येते.

धम्मप्रिया हनवते

मुरुड
११ मे २०२५

धम्मप्रिया हिस,

पत्र सतराला मिळालं. लग्न झालं नाही. तुझ्या वडिलांना कळव.

सिस्टरांचा कागद मी प्रमोदिनीला वाचून दाखवला. तिनं सिस्टरांना फोन लावायला सांगितलं. इराच्या समोर लावला. तिनं एकच विचारलं, "काहीच बोलली नाही का हो?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून निजली, ती चार दिवस उठली नाही. अजूनही माझ्याशी बोलत नाही. तुझ्यावर रागावलेली नाही, ती माझ्यावर रागावली आहे. म्हणते, "तुम्ही पत्र लिहिलंच का? विचारलंच का?"

वरदरावांना मी कळवलं. ते म्हणाले, "बाबा, बरं झालं." त्यांच्या आईला हे आवडलेलं नाही. आता त्या वरदरावांसाठी दुसरीकडे मुलगी बघताहेत. बाळाचं बारसं त्यांनी घरच्या घरी उरकलं, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. महिन्यातून एकदा बघायला या, म्हणाल्या. गेल्या रविवारी गेलो होतो. अर्धा तास नात हातात दिली. बाळाचे कान श्रद्धासारखे आहेत. प्रमोदिनीला जी भीती होती ती खरी झाली, आणि ती तुझ्यामुळे झाली की तुझ्या खोट्यामुळे लांबली होती, हे मला अजून ठरवता येत नाही.

इरा लातूरला परत गेली. परीक्षा सुरू आहे. मी तिला सोडायला स्टँडवर गेलो होतो. गाडीत चढताना तिनं मला विचारलं, "बाबा, समजा ताई तसं म्हणाली असती. तरी तुम्ही मला का दिलं असतं?"

 गाडी गेली. मी तिथंच बाकावर बसून राहिलो. धम्मप्रिया, तुझ्या पत्रात दोन वाक्यं खोटी होती, पण त्या वाक्यांवर जे बांधलं ते मी बांधलं. तू पाठवलं नसतंस तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं, असं आता वाटतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

प्राचार्यबाईंना मी वेगळं पत्र टाकलं आहे. वर्ष घालवू नका, असं लिहिलं आहे. ऐकतील की नाही, माहीत नाही.

तुला क्षमा केली, असं लिहावं म्हणून दोनदा कागद घेतला. ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही. पुढं कधी खरं झालं तर कळवीन.

उद्धव रेणापूरकर